चौदा दिवसांची पट्टी

पहिल्यांदा पडलो तो देवळात. पेडण्याजवळच्या आमच्या वाड्यावर श्रावणात भजनी सप्ताह असतो आणि रात्रीच्या पहाऱ्याला पेटी माझ्याकडे. अभंग संपला, चहासाठी उठलो, छातीत धडधडलं आणि डोळ्यांपुढे काळोख. शुद्धीवर आलो तर डोकं पखवाजवाल्याच्या मांडीवर आणि कोणीतरी विचारतंय, "मास्तर, कितें जालें?"

जागरण, उपास, उकाडा. सगळ्यांनी सोडून दिलं, मीही. दिवाळीनंतर म्हापशाच्या बाजारात पुन्हा तेच. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, तो चांगला आला, आणि "गॅस असेल" म्हणून गोळी हातात ठेवली. त्या गोळीचा मला अजून राग आहे. शिमग्याच्या आधी न्हाणीघराच्या दारात तिसऱ्यांदा पडलो, तेव्हा कपाळाला तीन टाके पडले. त्या संध्याकाळी हिनं माझ्या स्कूटरची चावी कपाटात टाकून कुलूप लावलं आणि पणजीच्या मुलीला फोन केला.

मुलीनं हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. गंमत म्हणजे डॉक्टरांनी मला कमी आणि हिलाच जास्त विचारलं. चेहरा पांढरा पडला होता का? हातपाय झटकत होते? जीभ चावली? शुद्धीवर आल्यावर लगेच ओळखलं की बराच वेळ गोंधळलेले होते? खरंच आहे म्हणा, पडणाऱ्याला स्वतःचं पडणं कुठे दिसतं! मग मला आडवं झोपवून रक्तदाब घेतला आणि उभं करून एका मिनिटानं, पुन्हा तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर चक्कर त्यानं येते असं धरतात. माझा ६ उतरला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तीही ठीक निघाली.

मग होल्टर, म्हणजे दिवसभर हृदयाचे ठोके टिपत राहणारं यंत्र. तंत्रज्ञ मुलीनं छातीवरचे केस वस्तऱ्यानं काढले, कातडी खरखरीत कापडानं घासली आणि पाच ठिकाणी चिकट गोळे लावून तारा एका छोट्या डबीला जोडल्या. डबी मोबाइलपेक्षा लहान, गळ्यात पिशवीत. मी कुरकुरलो, तर ती म्हणाली, "सर, पूर्वी हे पाठीवर न्यावं लागायचं." नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन संशोधकाचं पहिलं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं म्हणे. गप्प बसलो. २४ तास आंघोळ नाही आणि एक कागद दिला: कधी काय केलं, कधी काय झालं, ते वेळेसकट लिहायचं.

इथे आम्ही सगळ्यांनी मिळून घोळ घातला. मशीन लावलंय म्हणजे पेशंटला जपायचं, असा घरचा समज. हिनं जिना चढू दिला नाही, पेटी उघडू दिली नाही, नारळसुद्धा शेजाऱ्यानं सोलून दिला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझा कागद वाचला: "९.०० चहा. १.०० जेवण. १.३० ते ४.०० झोप. ४.१५ चहा." ते हसले. "सर, एक लाखाच्या वर ठोके मोजले, सगळे व्यवस्थित. पण हा तुमचा दिवस नव्हे, तुमची वामकुक्षी आहे."

रिपोर्ट नॉर्मल, म्हणून मी उठायला लागलो. त्यांनी बसवलं. ईसीजी दहा सेकंदांचा, होल्टर एका दिवसाचा, आणि मी पडतो तीन-चार महिन्यांतून एकदा. झटका त्या वेळात आलाच नाही, तर नॉर्मलचा अर्थ एवढाच की चोर आज आला नाही. कातडीखाली बसवायचं यंत्रही असतं, ते दोन-तीन वर्षं टिपत राहतं. पण त्याला छोटी चीर लागते. मला नुसती धडधड आठवड्यातून एखाद्या वेळी व्हायचीच, म्हणून आधी चिकटपट्टीचा मॉनिटर लावून बघू म्हणाले. चौदा दिवस. आणि या वेळी रोजचं सगळं करायचं, फक्त स्कूटर, पोहणं आणि शिडी सोडून.

पट्टी डाव्या छातीवर, तारा नाहीत, मध्ये एक बटण. छातीत काही वाटलं की दाबायचं आणि वहीत लिहायचं. एप्रिलचा गोव्यातला घाम तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या दिवसापासून कडेनं खाज, पाचव्या दिवशी एक कोपरा सुटला. आंघोळ करता येते, पण पाण्याची धार पाठीवर घ्यायची. पट्टी रगडायची नाही, टिपायची. पहिल्या आठवड्यात मी तीनदा बटण दाबलं. त्यातलं एकदा तर मांजर अंगावर उडी मारून आलं म्हणून. तेही प्रामाणिकपणे लिहिलं.

नवव्या रात्री देवळात तालमीला बसलो होतो. धडधड सुरू झाली, पाखरू कोंडल्यासारखी, मिनिटभर चालली आणि एकदम थांबली. समोरची समई विझल्यासारखी झाली. मी पेटीवर वाकलो, हात आपोआप पट्टीवर गेला. पडलो नाही. वहीत वाकड्या अक्षरात लिहिलं: "९.४०, गजर, बसलेलो, काळोख."

रिपोर्टात ९.३९ ला वरच्या कप्प्यांची वेडीवाकडी जलद लय, ती थांबली, आणि मग काहीच नाही. डॉक्टरांनी कागदावरच्या त्या सपाट रेषेवर पेन ठेवलं. ४.६ सेकंद. जलद लय संपली की हृदयाचा मूळ ठोका देणारा भाग लगेच जागा होत नाही, असं त्यांनी सांगितलं. मांजराच्या वेळचे ठोके जलद होते, पण निर्दोष. त्याचाही उपयोग झाला म्हणाले, घाबरणं आणि आजार वेगळे काढता आले.

मी टेबलाच्या कडेवर बोटांनी भजनी ठेका धरून पाहिला. आमच्या गजराच्या लयीत ४.६ सेकंदांत आठ मात्रा बसतात. अख्खं एक आवर्तन. पखवाजवाल्यानं एवढं सोडलं असतं, तर मी त्याला मंडपातून उठवला असता.

पेसमेकरची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. चावी अजून कपाटातच आहे.