यादी खालून वाचायची

सोमवार, १० मार्च २०२५, पहाटे सव्वा वाजता

आत्ताच महालक्ष्मीहून घरी आले. पाय कोमट पाण्याच्या बादलीत आहेत आणि वही मांडीवर. रेसकोर्सची धूळ केसांत, नाकात, पर्सच्या आतल्या कप्प्यातसुद्धा. कान अजून वाजताहेत.

ग्रीन डे ऐकले, अमेरिकेचा तो रॉक बँड. एवढं एक वाक्य लिहून दिवा मालवायला हरकत नव्हती, पण झोप लागणार नाही.

लोलापलूझा या संगीत उत्सवाचं मुंबईतलं हे तिसरं वर्ष. पहिल्या दोन वर्षी मी गेले नाही. या खेपेला बँडची यादी जाहीर झाली आणि पाच मिनिटांत लेकीला फोन केला, "दोन तिकिटं काढ." दुबईत चॅम्पियन्स करंडकाची फायनल नेमकी त्याच दिवशी, त्यामुळे आजूबाजूची निम्मी माणसं एक डोळा मोबाइलवर ठेवून उभी होती. पुढ्यातला एक मुलगा दर षटकाला स्कोअर ओरडून सांगत होता. जन्मात पहिल्यांदा मला क्रिकेटचा राग आला.

मग ते तिघे आले. बिली जो आर्मस्ट्राँग, माइक डर्न्ट, ट्रे कूल. तिघेही माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठे. त्यांना एवढ्या जवळून बघताना वाटलं, एकाच शाळेतल्या वरच्या वर्गातली मुलं इतक्या वर्षांनी भेटताहेत.

लेक म्हणाली, "आई, तुझ्या वेळीपण हे असेच सगळ्यात शेवटी यायचे?"

मी म्हटलं, "१९९४ साली याच लोलापलूझात हे सगळ्यात आधी यायचे. भर उन्हात, लोक अजून गाड्या लावत असताना."

तिला ते खरं वाटलं नाही. ती जुनी याद्यांची वही काढून दाखवायला हवी.

सोमवार, रात्री

वही सापडली. माळ्यावर, जुन्या पडद्यांच्या गाठोड्याखाली. दोनशेपानी. कव्हरवर माझ्या अकरावीतल्या अक्षरात 'बुक-कीपिंग'. पहिली सोळा पानं खरंच बुक-कीपिंगची आहेत, आणि सतराव्या पानावर एकदम लोलापलूझा १९९१.

आम्ही नाशिकला. मामा मुंबईत, फोर्टातल्या एका बँकेत. शनिवारी अर्ध्या दिवसाने सुटला की फाउंटनच्या पदपथावर जुन्या मासिकांच्या ढिगाऱ्यापाशी उकिडवा बसायचा आणि भाचीसाठी परदेशी संगीताची मासिकं निवडायचा. त्याला स्वतःला वसंतराव देशपांड्यांपलीकडे कशात गोडी नव्हती. दोन-तीन महिन्यांनी तो नाशिकला यायचा तेव्हा पिशवीत सुतळीने बांधलेला गठ्ठा असायचा. माझ्या हाती अंक पडेपर्यंत ते उत्सव उरकून सहा-आठ महिने झालेले असत. नावं आधी कळायची. आवाज नंतर. कधी केबलवरच्या एमटीव्हीमुळे, कधी कुणाच्या तरी डब केलेल्या कॅसेटमधून, कधी वर्षाने, आणि काहींचा तर कधीच नाही. म्हणून मी याद्याच उतरवून घ्यायचे. वरची नावं ठळक, खालची बारीक, जशी छापली असतील तशी. ज्या बँडमध्ये बाई असेल त्या नावाखाली लाल रेघ. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

१९९१चं पान आज वाचलं तरी धाडसी वाटतं. जेन्स ॲडिक्शन हा लॉस एंजेलिसचा बँड मोडायच्या बेतात होता. त्यांचा गायक पेरी फॅरेल याने निरोपाचा दौरा म्हणून एक फिरता उत्सवच उभा केला. १८ जुलैला ॲरिझोनात सुरुवात झाली. जेन्स ॲडिक्शनच्या खाली सूझी अँड द बॅन्शीज, लिव्हिंग कलर, नाइन इंच नेल्स, आइस-टी, रोलिन्स बँड. तिकडे रेडिओची स्टेशनं वेगळी, श्रोते वेगळे. रॉक ऐकणारा रॅपच्या वाटेला जायचा नाही. आणि इथे आइस-टी रॅप करून झाला की आपला बॉडी काउंट हा मेटल बँड घेऊन त्याच मंचावर उभा. लिव्हिंग कलरमधले सगळे कृष्णवर्णीय, आणि वाजवायचे हार्ड रॉक. कीर्तन, कव्वाली आणि लावणी एकाच मांडवात, एकाच तिकिटात झाली तर कसं वाटेल, तसं मला वाचताना वाटलं होतं. त्या पानावर लाल रेघ एकच. सूझी.

पण मला यादी वाचायला शिकवलं ते १९९२ने. त्या वर्षी मंचावर येण्याचा क्रम असा होता: लश, पर्ल जॅम, जीझस अँड मेरी चेन, साउंडगार्डन, आइस क्यूब, मिनिस्ट्री आणि शेवटी रेड हॉट चिली पेपर्स. यादी पक्की झाली तेव्हा पर्ल जॅम नवखे होते. दौरा निघेपर्यंत त्यांचा पहिला अल्बम घरोघरी पोचला. पण ठरलेला क्रम ठरलेला. ते दुसऱ्या नंबरावर, टळटळीत दुपारी यायचे आणि माणसं त्यांच्यासाठी दारं उघडल्या उघडल्या धावायची. त्यांच्या पाठोपाठ जीझस अँड मेरी चेन. स्कॉटलंडची ही मंडळी अंधारात, धुराआड उभं राहून वाजवणारी. उन्हात, निम्मी गर्दी निघून गेल्यावर, त्यांच्यावर रोज काय वेळ येत असेल! मला पर्ल जॅमपेक्षा त्यांचंच जास्त वाटायचं. अजूनही वाटतं.

यादी ठरते तेव्हा कुणाला काही ठाऊक नसतं, आणि छापली की ती बदलत नाही. म्हणून मी याद्या खालून वाचायला लागले. लशमधल्या मिकी बेरेन्यी आणि एमा अँडरसन, दोघी गिटारवाल्या, रोज पहिल्या यायच्या. लाल रेघा बहुतेक तळाशीच आहेत. १९९३ला बेब्स इन टॉयलंड, १९९४ला एल सेव्हन. ब्रीडर्स जरा वर. १९९५ला होल आणखी वर, आणि सगळ्यांच्या वर सॉनिक युथ, त्यात किम गॉर्डन. ही रेघ वर सरकताना बघायला मी बारावी ते बी.कॉम. एवढी वर्षं घेतली.

१९९३चं एक पान फार वेळा उघडलेलं दिसतंय, कडा मऊ झाल्यात. त्या वर्षी पहिले यायचे रेज अगेन्स्ट द मशीन. १८ जुलैला फिलाडेल्फियात चौघे नागडे उभे राहिले, तोंडाला पट्ट्या, छातीवर एकेक अक्षर, पी, एम, आर, सी. अल्बमवर इशाऱ्याचे शिक्के मारायला लावणारी ती संस्था. गिटारची घरघर तेवढी चालू, गाणं एकही नाही. पंधराएक मिनिटं. दिवसाच्या पहिल्याच बँडने असं करायचं म्हणजे त्यांच्यासाठी आलेला माणूस गाणं न ऐकताच राहिला. मी ते मासिक आईपासून लपवून ठेवलं होतं.

बुधवार, १२ मार्च

१९९४चं पान काल मुद्दाम टाळलं.

निर्वाणा बँडचा गायक कर्ट कोबेन गेल्याचं एप्रिलमध्येच कळलं होतं. ८ एप्रिलला त्याचा मृतदेह सापडला, आणि दोन-चार दिवसांत नाशिकमधल्या माझ्यासारख्या मुलीपर्यंतही बातमी पोचली. मग पावसाळा संपता संपता मामा गठ्ठा घेऊन आला. त्यातल्या एका अंकात होतं की यंदाच्या लोलापलूझात सर्वांत वर निर्वाणा असणार. कागदावर तो जिवंत होता. मी पान उलटलं नाही, वही घेतली आणि ते नाव सर्वांत वर, नेहमीसारखं ठळक उतरवलं. खाली स्मॅशिंग पंपकिन्स, बीस्टी बॉइज, जॉर्ज क्लिंटन, ब्रीडर्स, ट्राइब कॉल्ड क्वेस्ट, निक केव्ह, एल सेव्हन.

नंतरच्या अंकात कळलं की निर्वाणाने माघार घेतल्याचं त्याचा मृतदेह सापडण्याच्या आदल्याच दिवशी जाहीर झालं होतं, आणि पंपकिन्स शेवटी वाजवू लागले होते. मी ते नाव खोडलं नाही. आजही खोडलेलं नाही.

त्याच्याच आधीच्या पानावर रेडिंग १९९२ आहे, इंग्लंडमधला उत्सव. ३० ऑगस्टची यादी निर्वाणाच्या आवडीने बनलेली: मडहनी, मेल्विन्स, स्क्रीमिंग ट्रीज, एल सेव्हन. कोबेनची मुलगी तेव्हा जेमतेम बारा दिवसांची. तो संपलाय अशा अफवा आठवडाभर उठत होत्या, म्हणून तो चाकाच्या खुर्चीत बसून, इस्पितळाचा पांढरा झगा घालून मंचावर आला, उठला, कोसळल्याचं नाटक केलं आणि मग उभा राहून वाजवायला लागला. मासिकात त्या खुर्चीचा फोटो होता. दोन पानं शेजारी शेजारी बघवत नाहीत.

आणि आता तळाची ओळ, जी लेकीला दाखवायची होती. दौऱ्याच्या पहिल्या निम्म्यात सुरुवात करायचे जपानचे बोरडम्स. दुसऱ्या निम्म्यात त्यांच्या जागी ग्रीन डे. 'डुकी' हा अल्बम फेब्रुवारीत आलेला, एमटीव्ही त्यांचीच गाणी दळत होता, तरी ते दुपारी पहिले. त्याच दौऱ्यातून वेळ काढून १४ ऑगस्टला ते न्यूयॉर्क राज्यातल्या सॉगर्टीझला वुडस्टॉक ९४ या उत्सवात वाजवायला गेले. पाऊस पडून मैदानाचा राडा झालेला. लोकांनी चिखल फेकला, बिली जोने तोच परत फेकला, माणसं मंचावर चढली, आणि अंगभर चिखल असलेल्या माइक डर्न्टला सुरक्षारक्षकाने प्रेक्षक समजून आडवं पाडलं. त्याचे दात तुटले.

परवा तो मोठ्या पडद्यावर हसताना दिसला आणि मी दातच बघत होते.

चिखलावरून रंगभवन आठवलं. धोबीतलावचं उघडं नाट्यगृह, झेवियर्सच्या शेजारी. इंडिपेंडन्स रॉक हा उत्सव तिथे १९८६ पासून, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आसपास. रॉक मशीन हा बँड, म्हणजेच पुढचे इंडस क्रीड, त्याच मंचावर मोठे झाले. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मामेभावाबरोबर पंचवटी एक्सप्रेसने गेले, घरी 'मामाकडे जाते' एवढंच सांगून. भिजलेल्या बाकावर उभं राहून ऐकलं. वहीतली नावं सोडून ड्रमचा ठोका पहिल्यांदा बरगडीत जाणवला तो तिथे. शेजारी इस्पितळं आणि शाळा-कॉलेजं, त्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवनचा आवाज गेला. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, खाटेवरच्या माणसाला झोप हवीच. पण शहराने त्या बदल्यात तशी दुसरी जागा उभी केली नाही, याचं दुःख मला आहे.

गुरुवार, १३ मार्च, होळी

कटाचं वाटण वाटून झालं, पुरण शिजतंय. खाली सोसायटीत मुलं लाकडं रचताहेत.

वहीची शेवटची दोन भरलेली पानं समोरासमोर आहेत. डावीकडे लिलिथ फेअर, १९९७. सारा मॅकलॉक्लन ही कॅनडाची गायिका. दोन बायकांची गाणी लागोपाठ लावायची नाहीत, दोघींना एका कार्यक्रमात घ्यायचं नाही, हा तिकडच्या रेडिओचा आणि आयोजकांचा शिरस्ता. तिने सगळा उत्सवच बायकांचा केला. ट्रेसी चॅपमन, सुझान वेगा, पॉला कोल, ज्युएल, फिओना ॲपल, इंडिगो गर्ल्स, एमिलू हॅरिस. कुणी बघायला येणार नाही म्हणणाऱ्यांना त्या वर्षीच्या फिरत्या उत्सवांतली सर्वांत जास्त कमाई दाखवली, आणि गावोगावच्या बायकांच्या संस्थांना त्यातला वाटा दिला. या पानावर एकही ओळ बिनरेघेची नाही.

उजवीकडे वुडस्टॉक १९९९. जुलै, न्यूयॉर्क राज्यातलं रोम, वायुदलाचा सोडून दिलेला तळ. डांबर आणि काँक्रीट, सावली नाही, पाण्याची बाटली चार डॉलरला. यादी भरगच्च: मेटॅलिका, रेज अगेन्स्ट द मशीन, कॉर्न, लिंप बिझकिट, रेड हॉट चिली पेपर्स. लाल रेघा मोजक्या, शेरिल क्रो, अलानिस मॉरिसेट, ज्युएल. शेवटच्या रात्री शांततेसाठी म्हणून वाटलेल्या मेणबत्त्यांनी लोकांनी आगी लावल्या. त्याहून वाईट, गर्दीत मुलींवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. तो अंक मिटला आणि त्यानंतर वहीत काही लिहिलं नाही.

खाली होळी पेटली. जाते.

रविवार, १६ मार्च

लेकीला आज वही दाखवली. ग्रीन डेची ओळ बघून ती हसली, मग तिचं बोट वर निर्वाणापाशी थांबलं. "हे का नाही खोडलंस?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही. जरा वेळाने विचारलंन, "आणि ९८? ते पान कुठाय?"

९८चं पान नाहीच. १९९६ला लोलापलूझात मेटॅलिकाला वर बसवलं तेव्हा फॅरेल स्वतःच बाजूला झाला होता. १९९८ला वर घालायला नावच मिळेना, म्हणून सगळा उत्सव रद्द. खालच्या ओळींत वाजवणाऱ्यांची काय वाण होती? वरची एक ओळ रिकामी राहिली म्हणून त्यांना कुणी विचारलंच नाही. त्या वर्षी कुठले नवे बँड दुपारी पहिले आले असते, त्यांच्यातलं कोण आज महालक्ष्मीला शेवटी आलं असतं, हे मी कितीदा मनात मांडून पाहिलंय.

वहीत अजून पुष्कळ कोरी पानं आहेत. लाल पेन आणि काळं पेन घेऊन बसले. लेकीने फोनवर मुंबईची यादी उघडली आणि सवयीने वरून वाचायला लागली.

"थांब," मी म्हटलं, "ती ठाऊक आहेत. अगदी खालचं नाव सांग आधी. आणि सावकाश सांग, स्पेलिंगसकट."