शहाबादी फरशीवरचा बॅलेचा सराव

परभणीतील एका माध्यमिक शाळेत 21 वर्षे उभ्याने शिकवल्यानंतर दुपारच्या तासिकेपर्यंत माझी कंबर आखडून जाऊ लागली. मणक्यात दोष नव्हता. डॉक्टरांनी पोटाचे आणि मांड्यांचे स्नायू बळकट करायला सांगितले. पुण्यात नृत्य शिकून परतलेल्या माझ्या भाचीने तेव्हा मला ‘फ्लोअर बार’ शिकवायला घेतले.

बॅलेचे विद्यार्थी भिंतीलगतचा दांडा धरून उभ्याने जो सराव करतात, तोच येथे जमिनीवर पडून करायचा असतो. झेना रोमेट यांनी 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत रुजवली; भाचीने तिला योगासनांची जोड दिली होती. आडवे पडल्यावर गुडघ्यांवर भार येत नाही आणि तोलही सांभाळावा लागत नाही, त्यामुळे सांधा नेमका कसा हलतो याकडे पूर्ण लक्ष देता येते.

आमच्या घरात शहाबादी फरशी आहे. सतरंजी फक्त कमरेपर्यंत अंथरायची आणि मोजे घातलेली टाच दोन लाद्यांमधल्या सरळ रेषेवरून चवडा ताणेपर्यंत सरकवायची, हा आमचा ‘तांद्यू’, म्हणजे बॅलेतली पाय जमिनीवरून सरकवत ताणण्याची हालचाल. पहिले तीन आठवडे यापलीकडे फारसे काही झाले नाही, आणि तेच मला सर्वांत कठीण गेले. पाय उचलताना कंबरेखालच्या पोकळीत हात ठेवायचा आणि ती पोकळी वाढता किंवा दबता कामा नये, असा तिचा नियम होता. “मावशी, पाय किती वर गेला ते नको बघू, कंबर हलली का ते सांग,” असे ती पुन्हा पुन्हा म्हणे. माझी कंबर दर वेळी हलत असे. इतकी वर्षे मांडीचे काम कंबरच करत होती, हे मला तेथे पडल्यापडल्या उमगले.

चौथ्या आठवड्यात घाईने मी पावले बळेच बाहेर वळवली आणि उजव्या गुडघ्याची आतली बाजू दुखू लागली. भाचीने तो प्रकार आठ दिवस बंद ठेवला. पाय बाहेर वळतो तो खुब्यातून. तेथे जेवढा वळेल त्यापुढे पाऊल ढकलले, तर पीळ गुडघ्यावर पडतो, आणि खुबा किती उघडेल हे पुष्कळसे हाडांच्या घडणीवर ठरते, हे तिने समजावले. जी कोणी हा व्यायाम सुरू करील तिने एवढे तरी आधी जाणून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

पुढे जुन्या ओढणीचा पट्टा पावलात अडकवून उताण्याने पाय सरळ वर ताणायचे सुप्त पादांगुष्ठासन, मग उताण्याने कंबर वर उचलायचे सेतुबंधासन आले. पालथे पडून एक पाय उचलला की अर्धशलभासन होते. तोच पाय खुब्यातून बाहेर वळवून ताणला की बॅलेच्या ‘अराबेस्क’चा, म्हणजे एका पायावर उभे राहून दुसरा मागे ताणण्याच्या मुद्रेचा, आकार मिळतो. दोन्ही वेळा मांडीच्या मागचे आणि नितंबांचे वेगवेगळे स्नायू जागे होतात, हे स्पष्ट जाणवते.

उन्हाळ्यात फरशी गार असते तोवर, म्हणजे पहाटे साडेपाचला, मी चाळीस मिनिटे सराव करते. पाच महिन्यांनंतर शेवटच्या तासिकेपर्यंत उभी राहू शकते आणि ओणवे होताना तळहात जमिनीला टेकतात. डावा खुबा अजून उजव्यापेक्षा ताठर आहे. तो पाय कंबर स्थिर राहील तेवढाच उचलते.