लावलेल्या झाडांचा कागद

पश्चिम घानात कोको पिकवणाऱ्या एका बाईंच्या बागेतल्या सावलीच्या झाडांची नोंद करायला मी मदत केली. प्रमाणपत्र मिळालं, पण नोंद करणाऱ्या कार्यालयावरचा राग अजून गेलेला नाही.

नोंद हवी, कारण घानात आपोआप उगवलेलं इमारती झाड 1962 च्या कायद्याने जनतेच्या वतीने राष्ट्रपतींकडे असतं. कंत्राटदार ते तोडतो, पडताना खालचा कोको मोडतो आणि शेतकऱ्याच्या हाती फारसं काही पडत नाही. म्हणून कित्येक जण असलं रोप दिसलं की उपटून टाकतात. लावलेलं झाड मात्र लावणाऱ्याचं. 2002 च्या दुरुस्तीनंतर त्यावर लाकडाचं कंत्राट देता येत नाही. फक्त ते लावलेलं आहे, हे दाखवता यायला हवं.

ओफ्राम आणि एमिरे या सावली देणाऱ्या इमारती झाडांची रोपं मिळाली, जगली. अर्जही साधाच होता. अडलं जमीनमालकाच्या सहीवर.

बाईंची शेती 'अबुनू'ची, म्हणजे जमीन दुसऱ्याची, बाग हिने उभी करायची आणि मग निम्मी-निम्मी. बोली तोंडी. आपल्याकडे सातबाऱ्यावर झाडं चढतात, तसा कागद तिथे नाही. कार्यालय म्हणे मालकाची सही आणा. मालक कुमासी शहरात. त्यांना वाटे, झाडांवर सही केली की जमीनही गेली. ही भीती मला पटत होती. न पटणारं होतं ते खिडकीपलीकडचं उत्तर: दर वेळी 'सही आणा', पण सहीने जमिनीचा हक्क जात नाही एवढं लिहून द्यायला कुणी तयार नाही. बाई दिवसाची मजुरी बुडवून यायच्या आणि बाकावर बसून राहायच्या.

शेवटी आम्हीच कागद केला: झाडं निम्मी-निम्मी, जमिनीच्या हक्काला धक्का नाही. गावप्रमुखांसमोर, दोन्ही घरांचे साक्षीदार बसवून. मालकांनी त्याच बैठकीत सही केली. असा कागद रोपं लावण्याआधीच करून घ्या, तेव्हा भांडायला काही नसतं.

मग पाहणी. अधिकाऱ्याच्या मोटरसायकलला पेट्रोल नाही म्हणून तीही लांबली. रोपवाटिकेची पावती बाईंनी जपली होती आणि झाडं ओळीत होती, म्हणून ती लावलेली आहेत यावर वाद झाला नाही. हेक्टरी 15 ते 18 मोठी झाडं कोकोला पुरतात. तेवढीच लावा, पण ओळीत लावा.

आणि अर्ज मे-जूनच्या पावसाआधी द्या. नंतर बागेपर्यंतचा रस्ता चिखलात जातो आणि पाहणी पुढे ढकलायला आणखी एक कारण मिळतं.