हँडल किती खाली घ्यावं?

रविवारी पहाटे सोलापुरात विजापूर रोडला भेटणारी पोरं हमखास विचारतात, "काका, तुमच्या सायकलचं हँडल इतकं खाली कसं? पाठ दुखत नाही? आम्हीपण घेऊ का खाली?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. रस्त्यात उभ्या उभ्या "घ्या की" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही.

माझी पाठ दुखायची ती हँडल वर होतं तेव्हा. ताठ बसलं की सगळा भार सीटवर येतो आणि खड्ड्याचा दणका थेट मणक्यात जातो. शिवाय वारा. आषाढात मोहोळकडे निघालात तर पश्चिमेचा वारा छातीवर बसतो. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या पुढे बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो, त्यामुळे अंग थोडं वाकलं तरी फरक लगेच कळतो.

म्हणून मी एका संध्याकाळी स्टेमखालचे (स्टेम म्हणजे हँडल धरणारा तुकडा) तिन्ही स्पेसर, म्हणजे उंचीसाठीच्या कड्या, काढून स्टेमच्या वर टाकले. एकदम ३० मिलिमीटर! दुसऱ्या दिवशी तुळजापूरला निघालो. तामलवाडी येईपर्यंत दोन्ही हातांची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर, मान आखडलेली. घाटात तर दर चार पॅडलला मी सीटवर पुढे घसरत होतो. एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची दांडी, जिच्यावर स्टेम बसतो, ती तिरकी असते, त्यामुळे हँडल १० मिलिमीटर खाली गेलं की साधारण ३ मिलिमीटर पुढेही जातं. म्हणजे मी ते खाली घेतलं होतं आणि जवळजवळ एक सेंटिमीटर लांबही नेलं होतं.

सगळं परत वर केलं. मग ५ मिलिमीटरचा एकच स्पेसर वर टाकला आणि महिनाभर तसाच चाललो. मग असंच आणखी थोडं. १५ मिलिमीटरवर थांबलो, आजही तिथंच आहे. कुठं थांबायचं हे असं ओळखलं: कुणालातरी सायकल धरायला लावायची, हूडवर (ब्रेकच्या मुठीवरच्या रबरावर) हात ठेवायचे आणि तळवे अलगद उचलायचे. धड जागेवर राहिलं तर ठीक, पुढे कोसळलं तर हँडल तुमच्या पाठीच्या ताकदीपेक्षा खाली आहे. कोपर सैल वाकलेलं हवं. हँडलच्या खालच्या वळणावर हात असताना मांडी पोटाला लागता कामा नये.

आणि हे सगळं सीटची उंची बरोबर बसवल्यावर. सीट चुकली असेल तर हँडलशी खेळून काही होत नाही.

काम स्वतः करणार असाल तर चाक जमिनीवर टेकलेलंच ठेवा, नाहीतर चिमटा खाली सटकतो. आधी दांडीच्या टोकावरच्या टोपीचा बोल्ट काढायचा, मग स्टेमचे बाजूचे दोन सैल करायचे. बसवतानाही तोच क्रम: आधी टोपीचा बोल्ट, मग बाजूचे दोन. टोपीचा बोल्ट स्टेम धरून ठेवत नाही, तो फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढतो. तो जास्त आवळला की हँडल जड फिरतं. पकड बाजूच्या दोन बोल्टांची, ते आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. किती जोरानं आवळायचं ते बहुतेक स्टेमवर ५ न्यूटन मीटर असं लिहिलेलं असतं; कार्बनची दांडी असेल तर हा जोर मोजणारा टॉर्कचा पाना वापराच. शेवटी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. 'खट्' झालं तर ढिलाई उरली आहे, तशी सायकल रस्त्यावर नेऊ नका.

स्टेमच्या वर आलेली दांडी लगेच कापायला जाऊ नका. दिसायला बरं नसतं, मान्य, पण कापलेली दांडी वाढत नाही. एक उन्हाळा, एक पावसाळा जाऊ द्या.

गेल्या आठवड्यात असंच एका पोरानं विचारलं. सीटवर बसवून पाहिलं तर कोपरं काठीसारखी ताठ, खांदे कानाला लागलेले. त्याचं हँडल मी १० मिलिमीटर वर घेतलं. सात रस्त्यापर्यंत जाऊन आला आणि म्हणाला, "काका, हात हलके झाले."