पास कोण झालं?

कॉम्प्युटर हार्डवेअरच्या प्राथमिक सर्टिफिकेटचे वर्ग मी घेतो. अभ्यासक्रम साधारण कॉम्पटिया ए प्लस या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या धर्तीवरचा. त्या परीक्षेचे दोन पेपर असतात, प्रत्येकी जास्तीत जास्त ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. आमच्या संस्थेत शेवटी प्रॅक्टिकलही असतं. निम्मी बॅच पदवीधरांची असते. त्यांना सीव्हीत एक ओळ वाढवायची असते. काही जण दुसऱ्या क्षेत्रातून आलेले. आणि दोन-चार जण असे, ज्यांचं अर्धं आयुष्य मशीन उघडण्यात गेलंय, पण हातात कागद नाही.

या वेळी अशा एक बाई होत्या. भावाच्या दुरुस्तीच्या दुकानात वर्षानुवर्षं काम केलेल्या. दुकान बंद होतंय, आणि नोकरीसाठी अनुभव दाखवायचा तर बिलांवर नाव भावाचं.

मी प्रत्येक मशीनमध्ये दोन बिघाड करून ठेवले होते. रॅमची एका बाजूची क्लिप उघडी, आणि प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची केबल जेमतेम टेकवलेली. पंखे फिरतात, स्क्रीन काळीच. मला आवडतो हा बिघाड, कारण पंखे फिरले की पॉवर ठीक आहे असं समजून लोक तिकडे बघतच नाहीत.

बाईंनी स्विच काढला, टॉर्च मारला, रॅम दाबून बसवली. मग केबल बोटाने हलवून बघितली आणि खटकन आत ढकलली. मशीन सुरू. तरी त्या वाकून बघतच होत्या. "सर, सॉकेटजवळचे दोन कॅपॅसिटर फुगलेत. हा बोर्ड फार दिवस जायचा नाही." मी बघितलं. खरंच, बोर्डवरच्या त्या छोट्या नळकांड्यांच्या टोप्या वर आलेल्या. तो बिघाड मी केलेला नव्हता.

शेजारच्या टेबलावरच्या इंजिनिअर मुलाने रॅम शोधली, पण केबलपाशी अडला. शेवटी त्याने अख्खा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबाच, बदलला. नव्याची केबल साहजिकच नीट बसली आणि मशीन चालू झालं. रिपोर्टात त्याने लक्षणं, अंदाज, चाचणी, उपाय, खात्री, नोंद अशा सहाही पायऱ्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या. निदान: एसएमपीएस खराब. तो एसएमपीएस ठणठणीत होता.

बाईंच्या रिपोर्टात तीन शब्द होते: रॅम, केबल, कॅपॅसिटर.

गुणपत्रिकेत मशीन चालू झालं की नाही याला गुण आहेत, का बंद होतं याला वेगळे नाहीत. रिपोर्टला मात्र ४० आहेत. मुलगा पास, बाई २ गुणांनी राहिल्या. आता रिपोर्ट फालतू असतो असं मी म्हणणार नाही. पुढच्या पाळीतल्या माणसाला त्या तीन शब्दांवरून काय कळणार? कंपनीत नोंद नसेल तर काम झालंच नाही असं धरतात. पण चांगला एसएमपीएस भंगारात काढणाऱ्याची नोंद वाचून त्याला काय कळणार, हेही कुणी सांगावं.

समन्वयकांना म्हटलं, निदानाचा वेगळा रकाना घ्या. ते म्हणाले, बॅच संपल्याशिवाय निकष बदलता येत नाहीत. ही मंडळी बॅच संपल्यावरही बदलत नाहीत, तो भाग वेगळा.

बाई फेरपरीक्षेला बसणार आहेत. विचारत होत्या, किती ओळी लिहायच्या. मी जुने चांगले रिपोर्ट वाचायला दिले. आणि यापुढे टेबलावर बदलीचा एसएमपीएस ठेवायचा नाही, एवढं मी माझ्यापुरतं ठरवलंय.