नंदी अपडेट: छातीचा गाभा शेवटी 56 च्या वर गेला

मंडळी, झालं एकदाचं! तान्हा पोळ्याच्या आमच्या मोठ्या लाकडी नंदीला पोखरणारा भुंगा मारायला मी त्याला उन्हात ठेवलेल्या बंद पेटीत तापवून राहिलो आहे. काल दुपारी साडेचारच्या सुमारास त्याच्या छातीतल्या प्रोबनं, म्हणजे आत खुपसलेल्या थर्मामीटरच्या टोकानं, 56 अंश ओलांडलं, आणि ऊन उतरायला लागलं तरी आकडा वरच चढून राहिला होता. 57.8 वर जाऊन थांबला, आणि तासाभराहून जास्त 56 च्या खाली आला नाही. मी पेटीजवळून हललोच नाही. घरच्यांनी जेवायला हाका मारून मारून शेवटी ताट तिथंच आणून दिलं.

मागचे अपडेट वाचलेल्यांना माहीत आहे हा आकडा 51-52 ला कसा अडकला होता. नवीन लोकांसाठी थोडक्यात, हा नंदी सावरीच्या एकाच ओंडक्याचा आहे, छाती चांगली जाड, वशिंडासकट एकच तुकडा, शिंगं आणि चाकं तेवढी सागाची. मागच्या तान्हा पोळ्याला पुतण्यानं गावभर फिरवला, आणि दिवाळीनंतर पोटाखाली पीठ पडायला लागलं. पीठ एकदम मैद्यासारखं, बोटात चोळलं तर कण लागतच नाही, आणि छिद्र जेमतेम एक-दीड मिलिमीटरचं. म्हणजे लिक्टस, पावडरपोस्टवाला बारका भुंगा. काही जण अजूनही उधई-उधई (वाळवी) करून राहिले म्हणून परत सांगतो, उधई असती तर माती दिसली असती. आणि छिद्र तीन मिलिमीटरच्या वर असतं, भुसा जाडसर असता तर मोठा भुंगा, बोस्ट्रिकिडवाला, समजायचं. शिंगांना काहीही झालेलं नाही, कारण ती सागाच्या लाल गाभ्याची आहेत. सागाचं कडेचं पांढरं लाकूड वापरलं असतं तर तेही खाल्लं असतं.

आता पीठ पडलं म्हणजे भुंगा जिवंतच आहे असंही नाही हं. नंदी हलवला, ठोकला, की जुन्या बोगद्यातलं पीठही खाली येते. म्हणून मी सगळ्या जुन्या छिद्रांना खडूनं गोल केले, खाली काळा कागद अंथरला आणि नंदीला हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना बजावून ठेवलं. मार्च संपता संपता डाव्या पुढच्या पायाच्या वर, जिथं गेरूच्या रंगाचा थर आहे, तिथं खडू नसलेलं नवीन छिद्र दिसलं आणि कागदावर बरोब्बर त्याच्या खाली पांढरी ढिगुली. तिथं शंका संपली.

औषधाचं बोलायचं तर बऱ्याच जणांनी कृषी केंद्रातलं कीटकनाशक सिरिंजनं छिद्रात भरायला सांगितलं. भाऊ, मी ते करणार नाही आणि तुम्हीही करू नका. हा नंदी पोट्टे हातानं ओढतात, त्याला हळदकुंकू लावतात, त्याच हातानं बोजाऱ्याचा, म्हणजे तान्हा पोळ्याला पोरांना मिळणाऱ्या भेटीचा, खाऊ खातात. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना किती शेतकरी विषबाधेनं गेले ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं आहे. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या तर घरात आणायच्याच नाहीत, त्यातून निघणारा वायू माणसालाही मारते. बिब्ब्याचं तेल जुने सुतार लावायचे हे खरं आहे, पण बिब्बा उतला की कातडीची काय हालत होते ते आपल्याकडं कोणाला सांगायला नको, बैलबंडीच्या लाकडाला ठीक, पोरांच्या नंदीला नाही. आणि मुख्य म्हणजे सिरिंजनं भरलेलं औषध फक्त त्या छिद्रात जाते. छिद्र हा भुंगा बाहेर निघून गेल्याचा रस्ता आहे. अळ्या आतमध्ये दुसरीकडंच पोखरत बसलेल्या असतात, त्यांच्यापर्यंत ते पोचतच नाही.

बोरिक-बोरॅक्सवर माझा भरवसा आहे, पण उघड्या लाकडावर. रंगावरून लावलं तर आत झिरपत नाही. आणि हा रंग मला खरवडायचा नाही, झुलीवरची नक्षी बहिणीनं काढलेली आहे.

म्हणून उष्णता. परदेशी माल पाठवायच्या लाकडी पेट्यांना जो आयएसपीएम 15 चा नियम आहे त्यात लाकडाच्या गाभ्यात 56 अंश, सलग 30 मिनिटं असं मांडलेलं आहे. गाभ्यात! पेटीतल्या हवेत नाही. इथंच सगळी मेख आहे आणि इथंच माझे कितीतरी दिवस गेले. आपल्या नागभीड-ब्रह्मपुरीकडं मे महिन्यात पारा 45-46 ला सहज जाते, त्यामुळे ऊन फुकट आहे. पेटी तीच जुनी, आतून काळा रंग दिलेला जीआय पत्रा, बाहेरून थर्माकोल आणि प्लाय, वरून खिडकीची जुनी काच. हवा दुपारी एक वाजताच 70 च्या पुढं. बघणाऱ्याला वाटेल झालं काम. पण पोटाखालून बारीक ड्रिल मारून प्रोब छातीच्या मधोमध नेला, भोक कापसानं आणि लांबीनं बंद केलं, तर हवा 72 असताना आत 44. चार वाजता हवा उतरायला लागली आणि गाभा तेव्हा कुठं 49. संध्याकाळी 51. मग तोही खाली. लाकूड उष्णता फार हळू आत नेते, गाभ्याचा सगळ्यात वरचा आकडा हवेच्या सगळ्यात वरच्या आकड्यानंतर काही तासांनी येते. तोपर्यंत ऊन संपलेलं!

आरसे लावून पाहिले, फॉइलचे पंख लावून पाहिले. हवा 78 ला गेली, थर्माकोल एका कोपऱ्यात आखडला, गाभा फक्त एक अंशानं पुढं. वरून मानेजवळ रंगाला केसाएवढी चीर पडली तेव्हा माझा जीव वरखाली झाला. कोरड्या गरम हवेत लाकडाचा वरचा थर पटकन सुकून आक्रसते, आतला तसाच राहते, मग तडा जाणारच. म्हणजे हवा अजून तापवणं हा रस्ताच नाही.

मग डोक्यात आलं की मी रोज सकाळी 34-35 पासून सुरुवात करून राहिलो आहे, रात्रभरात गाभा थंड होऊन जाते आणि दिवसाची अर्धी उष्णता तेवढंच भरून काढण्यात जाते. तर रात्रीचं थंड होणंच थांबवायचं. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला 25 मे ला, तेव्हापासून बदल केला. पेटीच्या तळाशी काळ्या केलेल्या विटा मांडल्या, मधोमध पाण्यात भिजवून पिळलेलं पोतं ठेवलं म्हणजे हवा दमट राहते, तडाही जात नाही आणि दमट हवा लाकडाला उष्णताही बरी देते. आणि ऊन उतरायच्या आत काचेवर दोन गोधड्या, त्यावर ताडपत्री, चारही बाजूंनी दाबून. सकाळी ऊन काचेवर आल्याशिवाय उघडायचं नाही. दुसऱ्या सकाळी प्रोबवर 43! तिथंच मला कळलं आता जमते. मधल्या एका दिवशी ढग आले, वारा सुटला, परत मागं गेलो, पण काल ऊन कडक पडलं आणि पुढचं तुम्हाला वर सांगितलंच.

प्रोबवाला थर्मामीटर कोणता ते विचारणाऱ्यांना, ऑनलाइन मिळणारा वायरवाला स्वस्तातला साधा चालते, पण वापरायच्या आधी उकळत्या पाण्यात आणि बर्फाच्या पाण्यात तपासून घ्या. माझ्याकडच्या दोनपैकी एक तीन अंश जास्त दाखवत होता. त्याच्यावर विसंबलो असतो तर 53 लाच 56 समजून पेटी उघडली असती.

साक्षीदार म्हणून त्याच ओंडक्याचा उरलेला, भुंगा लागलेला जाड तुकडा नंदीच्या बाजूलाच ठेवला होता. आज सकाळी तो पाट्यावर ठेवून छिन्नीनं फोडला. आत पिठानं गच्च भरलेले बोगदे, उभे, लाकडाच्या रेषेनं गेलेले, आणि त्यात अळ्या, तांदळाच्या कणीपेक्षा थोड्या मोठ्या, वाकड्या, डोकं तपकिरी. टाचणीनं हलवल्या, एकही हलली नाही, रंग पांढऱ्याचा पिवळट झालेला. एका कप्प्यात कोशातला भुंगा होता, पाय पोटाशी घेतलेला, तोही मेलेला. दुसरा तुकडा मी मुद्दाम बाहेर सावलीत ठेवला होता, तो फोडला तर त्यातल्या अळ्या वळवळून राहिल्या होत्या. फरक एवढा स्वच्छ दिसला की मी शेजारच्या काकाजींना बोलावून दाखवलं. ते जुने सुतार, लेन्समधून बराच वेळ पाहत बसले.

एक नुकसान झालं तेही सांगून ठेवतो. पायाचे सांधे पांढऱ्या गोंदाचे होते, तो गोंद 60 च्या आसपास मऊ पडते, एक पाय हलायला लागला. आता ते सांधे उघडून सागाच्या खुंट्या मारणार. पण सांधे उघडतोच आहे तर आतलं कोरं लाकूड हाती येणारच, तर तिथूनच बोरिक-बोरॅक्स का लावू नये? कारण उष्णतेनं आजचे मेले, उद्या नवीन भुंगा येऊन अंडी घालायला मोकळाच आहे, उष्णतेचा काही पहारा मागं राहत नाही. म्हणजे खुंट्यांचा बेत होता तो आता असा झाला: सांधे उघडायचे, बोरॅक्स तीन भाग, बोरिक ॲसिड दोन भाग, गरम पाण्यात पाच टक्के करून सांध्यात, पोटाखालच्या ड्रिलच्या भोकात आणि चाकांच्या खोबणीत दोन-तीनदा पाजायचं, सुकवायचं, मग खुंट्या, मग रंगानं सगळं बंद. पोरांच्या तोंडात बोरिक जाऊ नये म्हणून रंग आवश्यकच. बोरॅक्स टाकणखार म्हणून पंसाऱ्याकडं मिळते. बोरिक म्हणून कॅरमच्या पावडरीच्या भरवशावर राहू नका, पाकिटावर बोरिक स्पष्ट लिहिलेलं नसेल तर काय भरलं असेल सांगता येत नाही.

आणि हे सगळं सुरू झालं त्या आरा मशीनवरून, जिथं मला "पूर्ण वाळलेला माल" म्हणून हा ओंडका दिला. वाळलेला असला तरी या भुंग्याला काय फरक पडते, त्याला लाकडातला स्टार्च पाहिजे, आणि अंडी घालायला मोठ्या नळ्यांचं लाकूड. सावर, आंबा, सालई यांत दोन्ही भरपूर. मादी आधी लाकूड चावून पाहते, स्टार्च असला तरच अंडी घालते. म्हणून आता मी टिंचर आयोडीनची बाटली खिशात घेऊनच लाकूड घ्यायला जातो. ताज्या कापलेल्या टोकावर थेंब टाकायचा, निळं-काळं झालं की सोडून द्यायचं. मशीनवाल्यांना आवडत नाही, नका आवडू देऊ. पुढचा नंदी शिवणीचा करायचं नक्की आहे, कोरायला सोपी, वाकत नाही, आणि भुंगा तिला सावरीएवढा धरत नाही.

काकाजी आज बोलता बोलता म्हणाले, त्यांचे वडील सावर तोडली की ओंडके पावसाळाभर बोडीत, म्हणजे वावरातल्या लहान तळ्यात, बुडवून ठेवायचे, मगच कोरायचे. महिनोन्महिने पाण्यात राहिलं की स्टार्च कमी होते, त्यामुळे या भुंग्याला त्यात रस राहत नाही, वास मात्र जबर येते. आमच्या वावरातल्या बोडीत यंदा पाणी भरलं की एक ओंडका बुडवतोच, आणि एक तसाच बाहेर, दोन्हीवर आयोडीन.

हे लिहिता लिहिता अजून एक सुचलं. पाऊस लागला की पेटी बंद, आणि लहान नंदी तर लोकं पोळ्याच्या तोंडावरच माळ्यावरून काढतात आणि तेव्हाच पीठ दिसते. लहान नंदी डीप फ्रीजरमध्ये जातील की! म्युझियमवाले असंच करतात, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधायचं, उणे 18 किंवा त्याखाली, दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर दवानं रंग खराब. गावातल्या कुल्फीवाल्या भाऊंचा फ्रीजर पावसाळ्यात रिकामाच असते, उद्याच विचारतो.

आता वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेकडच्या मंडळींना एक विचारायचं आहे. तुमच्याकडचे नंदी माणसाच्या वर उंच, ते कोणत्याच पेटीत मावणार नाहीत. पूर्ण नंदीला काळी ताडपत्री आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिक असा तंबू कोणी करून पाहिला का, आणि छातीत प्रोब कुठून घातला? जाडी किती ती सेंटिमीटरमध्ये नक्की लिहा, मला रात्री किती गोधड्या लागतील त्याचा अंदाज काढून देता येईल. काळा कागद माझ्या नंदीखाली परत अंथरला आहे, नवीन खडू मारले आहेत, पीठ पडलं की लगेच कळवतो.