ताई, दादा आणि मी: सिन्नरवरून सप्तशृंगगड

नाशिकहून दिंडोरीमार्गे सप्तशृंगगड साठेक किलोमीटर. आम्ही मुद्दाम लांबचा फेरा घेतला: सिन्नर, नांदूर मध्यमेश्वर, निफाड, लासलगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत, वणी, मग गड. आई गेल्यापासून आम्ही तिघं भावंडं भेटलो ती लग्नकार्यात, तीही पंगतीपुरती. आम्हाला गाडीतले तास हवे होते, म्हणून हा रस्ता.

पहिली सूचना: फक्त भावंडांनीच जा. दादाने "हिलाही घेऊ का?" असं विचारलं, तेव्हा ताई प्रेमाने पण ठाम म्हणाली, "वहिनीला घेऊन पुन्हा जाऊ. या वेळी आपण तिघंच." घरची माणसं बरोबर असली की आपण कुणाची बायको, कुणाचा बाप म्हणून वागतो आणि लहानपणचं बोलणं तोंडात येत नाही. पेट्रोल-जेवणाचे पैसेही आधीच एका पाकिटात जमा करा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी "राहू दे, मी देते" होत नाही.

दादा संभाजीनगरहून समृद्धी महामार्गाने आला. तुम्हीही तसे येणार असाल तर सिन्नरजवळ उतरता येतं, नाशिक शहरात शिरायची गरज नाही. सिन्नरला गोंदेश्वर चुकवू नका. यादवकाळातलं हे पंचायतन: मधे महादेव, चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य आणि विष्णू यांची छोटी देवळं. सकाळी लवकर गेलात तर कोवळ्या उन्हात दगडावरचं कोरीवकाम नीट दिसतं आणि आवारात निवांत बसता येतं.

नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्याचं पाणथळ. २०२० साली रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं ठिकाण. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पक्ष्यांचा काळ. मनोऱ्यावर स्थानिक गाइड दुर्बीण घेऊन असतात. त्यांना सोबत घ्याच, नाहीतर सगळी बदकं सारखीच दिसतात. ताईला शेकाट्या ओळखता येतात हे मला माहीतच नव्हतं. गेली काही वर्षं ती रविवारी पहाटे पक्षी बघायला जाते म्हणे. माझ्या सख्ख्या बहिणीची ही आवड मला तिथे, मनोऱ्यावर कळली.

निफाडच्या पुढे, थंडीत गेलात तर वेळ हातात ठेवा. लाल कांद्याचा मोसम, त्यामुळे विंचूर-लासलगाव पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि ओव्हरटेक करायला जागा नसते. आम्ही त्या रांगेत बराच वेळ अडकलो. तिथेच ताईने विचारलं, "आई इतकी आजारी होती, मला का नाही कळवलंस?" इतकी वर्षं ती हे मनात धरून होती. मी सांगितलं की आईनेच शपथ घातली होती: नातीची दहावी होऊ दे, तोवर तिला काही सांगू नकोस. ताई खिडकीकडे तोंड करून रडली. दादाने गाडी कडेला घेतली, टपरीवरून चहा आणला आणि तिच्या शेजारी मागे येऊन बसला. मग आम्ही आईबद्दल बोलत राहिलो, चांदवड येईपर्यंत. अहिल्याबाई होळकरांचा तिथला रंगमहाल बघायचा राहिला. त्याची हळहळ वाटली नाही.

पिंपळगावहून वणी आणि पुढे नांदुरी. नांदुरीचा घाट उजेडात चढा. वळणं तीव्र आहेत आणि पावसाळ्यात धुकं दाट असतं. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या खालीच थांबवतात, वर एसटीने जावं लागतं. भावंडांसोबत निवांत जायचं असेल तर ते दिवस टाळाच. गडावर देवळापर्यंत सुमारे ५०० पायऱ्या आहेत. ताईच्या गुडघ्यांमुळे आम्ही फ्युनिक्युलर ट्रॉलीने, म्हणजे दोराने रुळांवरून वर ओढल्या जाणाऱ्या डब्याने, गेलो. ती २०१८ पासून सुरू आहे आणि वयस्कर भावंडांसाठी मोठीच सोय आहे. वर माकडं पुष्कळ, प्रसादाची पिशवी हातात लोंबती ठेवू नका.

अठरा हातांची देवी. २०२२ साली शेंदराचा जाड थर काढल्यापासून मूर्तीचं मूळ रूप दिसतं. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी पुराण सांगत आणि ते ऐकायला देवीने मान कलती केली, ही गोष्ट आई सांगायची. तिघांनाही ती पाठ होती, फक्त प्रत्येकाची थोडी वेगळी.

मुक्कामाला गडावरच राहा. शनिवार-रविवार किंवा पौर्णिमा असेल तर खोली आधी बघून ठेवा. रात्री गार वारा सुटतो, शाल हवीच. सकाळी दिंडोरीमार्गे उतरलात तर जेवणाच्या वेळेला आरामात नाशिक. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात रस्ते कुठे ना कुठे खोदलेले असतात, तेवढं धरून चाला.

पुढची फेरी ताईने आखली आहे: थंडीत पुन्हा नांदूर मध्यमेश्वर, या वेळी पहाटेपासून, आणि चांदवडचा रंगमहाल. वहिनी आणि मुलं सोबत असतील.